खळाळ उतरावेत की टाळावेत, आणि रात्री नांगर कुठे टाकावा?

डोहकाठी

नमस्कार. येत्या सुट्टीत चार दिवस नदीतून होडीने प्रवास करावा असा आमचा विचार आहे. मी, माझे यजमान, 13 वर्षांची मुलगी, 8 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे आम्ही पाच जण असू. होडी फायबरची, साडेसहा मीटर लांबीची, छोट्या केबिनची असून तिला मागे आउटबोर्ड इंजिन आहे. इंजिन खाली सोडलेले असताना पंख्याचे टोक पाण्याखाली सुमारे 70 सेंटिमीटर जाते. यजमानांनी ही होडी संथ जलाशयात पाच वर्षे चालवली आहे. खडकाळ आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा अनुभव मात्र आम्हां दोघांनाही नाही.

नकाशावरून दिसते ते असे : लांबच लांब संथ डोह आहेत आणि त्यांना जोडणारे तीन खळाळ आहेत. त्यांतील पहिले दोन पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचे मानले जातात आणि तिसरा तिसऱ्या श्रेणीचा आहे. पाणी पुरेसे खोल असेल तर इंजिनच्या जोरावर तिन्ही उतरता येतील, असे यजमानांचे म्हणणे आहे. मला ओढ आहे ती रात्रींची. एखाद्या बेटाआड किंवा बाजूच्या फाट्यात नांगर टाकावा आणि पाण्याच्या आवाजात झोपावे, एवढ्यासाठीच मी या प्रवासाला तयार झाले आहे.

श्रेणीचा आकडा आमच्यासारख्यांनी कसा वाचावा, एखादा खळाळ उतरण्याजोगा आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहून कसे ठरवावे, आणि वाहत्या नदीत रात्रभर निर्धास्त राहता येईल असा मुक्काम कसा निवडावा, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

धारेचा वाटाड्या

ताई, तुमचा तिसरा खळाळ मी आधीच बाजूला काढतो, म्हणजे उरलेल्याविषयी नीट बोलता येईल. आंतरराष्ट्रीय पद्धतीत खळाळांच्या सहा श्रेणी आहेत. पहिलीत लहान लाटा आणि मोकळी वाट असते. दुसरीत वाट रुंद आणि उघड दिसणारी असते, पण अधूनमधून होडी वळवावी लागते. तिसरीत लाटा अनियमित असतात, अरुंद जागेतून नेमके वळण घ्यावे लागते, आणि सहावी जवळजवळ अशक्य कोटीतली मानली जाते. (ग्रँड कॅन्यनमध्ये 1 ते 10 असे वेगळे मोजमाप वापरण्याची परंपरा आहे, त्यामुळे आकडा ऐकल्यावर तो कोणत्या पद्धतीचा आहे, हेही विचारावे.) यातली मेख अशी की तो आकडा काढताना डोळ्यांसमोर असतात हवेचे राफ्ट आणि कयाक, जे खडकावर आपटले तर उसळून बाजूला होतात. तुमची होडी कठीण बुडाची आहे, माणसांसह तिचे वजन टनाच्या घरात जाईल, आणि तिचा सर्वांत नाजूक भाग, म्हणजे पंखा, तिच्या सर्वांत खोल जागी लटकलेला आहे. राफ्टसाठी दुसऱ्या श्रेणीचा असलेला खळाळ तुमच्यासाठी तिसऱ्याइतका अवघड असू शकतो, आणि तिसऱ्या श्रेणीचा खळाळ कुटुंबाला बसवून अशा होडीने उतरण्याचा विषयच नाही.

शिवाय आकडा एका ठरावीक पाणीपातळीसाठी असतो. पाणी वाढले की काही खळाळ लाटांखाली बुडून सोपे होतात आणि काही भयंकर होतात. पाणी उतरले की वाट खडकांत हरवते. वर कुठे धरण असेल तर पाणी कधी आणि किती सोडणार आहेत याची चौकशी रोज सकाळी करा. विसर्गाचा आकडा घनमीटर प्रतिसेकंद या मापात मिळेल. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलो वजन, हे लक्षात ठेवले की त्या आकड्याचा अर्थ अंगावर येतो.

आता पाणी कसे वाचायचे ते सांगतो. खळाळाच्या माथ्यावर पाण्याची एक गुळगुळीत, काळसर जीभ दिसते. तिच्या दोन्ही कडा खालच्या अंगाला एकत्र येतात आणि टोक प्रवाहाच्या दिशेला असते. ती साधारणपणे खोल पाण्याची वाट असते. याच्या उलट, टोक तुमच्याकडे आणि उघडी बाजू खाली असा आकार दिसला, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे असे धरून चाला. जिभेच्या शेवटी ओळीने एका जागी उभ्या राहिलेल्या लाटा दिसतात. समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी जवळपास जागेवर राहते. इथे लाट जागेवर असते आणि पाणी तिच्यातून धावते. सारख्या अंतरावरच्या, सुबक लाटा बहुधा खोल पाण्याच्या असतात. मात्र एखादीच लाट विचित्रपणे फुटत असेल, तर तिच्या पोटात काहीतरी दडलेले आहे.

खरा धोका असतो खडकावरून कोसळून पुन्हा मागे वळणाऱ्या पाण्यात. उथळ जागी वेगाने घसरलेले पाणी एकाएकी खोल, संथ पाण्याला भिडते, उसळते आणि वरचा थर उलटा फिरून कोसळण्याच्या जागेकडे येतो. नौकांच्या प्रतिकाराचा अभ्यास करणाऱ्या विल्यम फ्राउड (1810–1879) यांच्या नावाने ओळखला जाणारा अंक वाहत्या पाण्यालाही लागू होतो : तो 1 च्या वर असेल तर प्रवाहाचा वेग लाटेच्या वेगापेक्षा अधिक असतो, 1 च्या खाली आला की कमी, आणि एकातून दुसऱ्यात जाताना ही उसळी तयार होते. नैसर्गिक खडकाखालच्या अशा खळग्याला कडा असतात, त्यामुळे बाजूने निसटण्याची शक्यता राहते. नदीच्या आरपार बांधलेल्या बुटक्या, सरळ बंधाऱ्याखाली मात्र तो खळगा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असतो आणि अडकलेल्या माणसाला सोडत नाही. असे बंधारे वरून येताना दिसतही नाहीत. फक्त पुढचे पाणी एका आडव्या रेषेपाशी संपल्यासारखे वाटते आणि रेषेपलीकडे झाडांचे शेंडे तेवढे दिसतात. अशी रेषा दिसली की काठाला लागायचे, मग ती बंधाऱ्याची असो वा खळाळाची. कानांवर विसंबू नका. वारा तुमच्या पाठीकडून वाहत असेल तर मोठा खळाळही फार जवळ जाईपर्यंत ऐकू येत नाही, आणि इंजिन चालू असेल तर बोलायलाच नको.

यजमानांसाठी एक कसोटी सांगतो, जी इंजिनाच्या होडीला नेमकी लागू पडते. जो खळाळ तुमची होडी खालून वर चढू शकत नाही, तो तिने वरून खाली उतरू नये. चढताना तुमचा वेग वजा प्रवाहाचा वेग एवढ्याच गतीने काठ सरकतो, त्यामुळे पाहायला वेळ मिळतो, वाटले तर जागच्या जागी थांबता येते, आणि नाही जमले तर अलगद मागे येता येते. उतरताना या दोन वेगांची बेरीज होते. थांबायचे म्हटले तरी प्रवाह थांबू देत नाही, आणि सुकाणू लागू पडावे म्हणून पाण्यापेक्षा थोडे जोरातच जावे लागते. वेग दुप्पट झाला की अडकलेल्या होडीवर पडणारा पाण्याचा जोर चौपट होतो. इंजिनच्या जोरावर उतरू, हे वाक्य म्हणूनच मला उलटे वाटते. इंजिनचा जोर खरा उपयोगी पडतो तो चढण्यासाठी आणि आडवे जाण्यासाठी.

पहिल्या दोन खळाळांसाठी असे करा. वरच काठाला लागा, खाली चालत जा आणि संपूर्ण वाट शेवटापासून वरपर्यंत पाहा. जिथे तुम्ही विसावणार ते पाणी आधी शोधा. खडकाच्या किंवा काठाच्या उंचवट्याच्या आड पाणी उलटे, वरच्या दिशेने फिरत असते. त्याला आम्ही एडी म्हणतो, आणि नदीतली ती आमची विश्रांतीची जागा. मुख्य धार आणि एडी यांच्यामधली रेष ओलांडताना होडीला धक्का बसतो, कारण नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, एका दिशेच्या पाण्यात जाते आणि पिछाडी दुसऱ्या, म्हणून सर्वांनी बसून आणि घट्ट धरून राहावे. मुले आणि आजी यांना काठाने चालवत खाली न्यावे. त्यांना खळाळ पाहायला काठावरून अधिक छान दिसतो. पश्चिमेला वाहणारी नदी असेल तर खळाळ सकाळी उतरा आणि पूर्वेला वाहणारी असेल तर दुपारनंतर, म्हणजे ऊन पाठीशी राहील. समोरच्या चकाकीत ती काळसर जीभ दिसतच नाही.

तिसऱ्या खळाळाची मौज मुलांना द्यायचीच असेल, तर तुमची होडी वरच्या डोहात ठेवून जाणत्या वाटाड्याबरोबर राफ्टमधून एक दिवस काढा. तिथेही आधी वयाची अट विचारा. 8 वर्षांच्या मुलाला तिसऱ्या श्रेणीत घेण्यास अनेक वाटाडे नकार देतात, आणि जो सहज हो म्हणेल त्याच्याविषयी मला थोडी शंकाच वाटेल.

नांगरबंद

वरचा प्रतिसाद पाहिल्यावर खळाळांबद्दल मला काही जोडायचे नाही. मी मुक्कामाबद्दल लिहितो, कारण लोक खळाळाची तयारी महिनाभर करतात आणि नांगर टाकण्याची जागा मात्र संध्याकाळी, उजेड जाताना शोधतात. माझ्या मते या प्रवासाची आखणी उलटीकडून करावी : आधी चार मुक्काम निश्चित करावेत आणि मग त्यांच्यामधले अंतर. सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास तुम्ही जागेवर असलात, तर पहिली जागा पटली नाही तरी दुसरी शोधता येते.

नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगवान असते, काठ पोखरला जातो आणि झाडे पाण्यात कोसळतात. आतल्या अंगाला वेग मंदावतो, वाळू साचते आणि दांडा तयार होतो. त्यामुळे आतली बाजू शांत दिसली तरी ती हळूहळू उथळ होत जाणारी असते, आणि पाणी उतरले की होडी रुतते. बेटाची खालची बाजू चांगली, पण अगदी शेपटीजवळ नव्हे, कारण तिथे दोन्ही प्रवाह मिळून पाणी गोल फिरते आणि होडी रात्रभर नांगराभोवती प्रदक्षिणा घालते. मला सर्वांत आवडतात ते बाजूचे फाटे, जे वरच्या अंगाला बुजलेले आणि खाली नदीला उघडे असतात. त्यांच्या तोंडाशी बहुधा गाळाचा उंबरठा असतो, म्हणून आत शिरताना नाळेवर एकाने उभे राहून काठीने खोली मोजत हळू जावे. आतली खोली पुरेशी असून उंबरठ्यावर जेमतेम पाणी असेल, तर सकाळी बाहेर पडता येईल का, हा प्रश्न आत जाण्याआधी विचारायचा असतो.

आता नांगर. नांगर धरून ठेवतो तो वजनाने नव्हे, तर तळाशी आडवी ओढ मिळाल्याने. म्हणून दोर लांब सोडावा लागतो. हिशेब पाण्याच्या खोलीवर न करता खोली अधिक नाळेची पाण्यापासूनची उंची यावर करायचा. खोली 3 मीटर आणि नाळ 1 मीटर वर असेल तर 4 मीटर धरावेत, आणि रात्रीसाठी त्याच्या सात पट म्हणजे 28 मीटर सोडावेत. नांगराला लागून काही मीटर साखळी असली की दोर तळाच्या खडकांवर घासत नाही आणि ओढ आडवी राहते. नाळ प्रवाहाकडे ठेवून थांबावे, नांगर हाताने हळूहळू सोडावा, मग होडी मागे जाऊ द्यावी, आणि शेवटी इंजिन हलकेच मागे चालवून नांगर रुतला की नाही ते पाहावे. काठावरची दोन स्थिर चिन्हे, एक जवळचे आणि एक त्यामागचे, एका रेषेत धरून ठेवली आणि ती रेष सरकली नाही तर तुम्हीही सरकलेला नाही. अंधारातही ओळखू येतील अशी चिन्हे निवडलीत तर रात्री जाग आल्यावर खात्री करता येते.

नांगराचा आकार तळाप्रमाणे निवडावा लागतो. दोन रुंद, चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ वाळू आणि गाळात उत्तम धरतो, पण गवताळ किंवा खडकाळ तळावर फसवतो, आणि वेगवान पाण्यात खाली जाता जाता पतंगासारखा तरंगत दूर जातो. नांगरणीच्या फाळासारखा सीक्यूआर हा 1933 मध्ये जी. आय. टेलर यांनी तयार केला. द्रवांच्या खळबळीवरचे त्यांचे संशोधन भौतिकशास्त्रात आजही पायाभूत मानले जाते, आणि अशा माणसाला आपल्या होडीचा नांगर सुधारावासा वाटला याचे मला नेहमी कौतुक वाटते.

एक नियम मात्र अपवादाविना पाळा : वाहत्या पाण्यात पिछाडीकडून नांगर टाकू नका. मागची बाजू बुटकी आणि सपाट असते, तिच्यावर इंजिनचे वजन असते, आणि दोर ताणला की प्रवाह ती खाली दाबतो. पाणी आत येऊ लागले की होडी अत्यंत कमी वेळात भरते. लहान होड्या वाहत्या पाण्यात उलटण्याचे हे एक जुने, ओळखीचे कारण आहे.

रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावावा. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, 7 मीटरपेक्षा लहान नौकेला वर्दळीच्या वाटेपासून दूर नांगरलेली असताना या दिव्यातून सूट आहे, आणि तुमची होडी त्या सवलतीत बसेल. नदीवर तिथले स्थानिक नियम वेगळे असू शकतात. तरीही दिवा लावाच. अंधारात येणारा माणूस तुमची लांबी मोजत बसणार नाही.

वल्हेकरी

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु एका मुद्द्यावर दोघांचे म्हणणे एकत्र ठेवल्यास अडचण येते. वाटाड्यांच्या सल्ल्याप्रमाणे खळाळ ताज्या डोळ्यांनी आणि योग्य उजेडात उतरायचा, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम बहुतेक वेळा खळाळाच्या वर पडतो. नांगर सुटला तर मग काय होईल? प्रवाह सेकंदाला 1 मीटर असेल तर 500 मीटर अंतर होडी साधारण आठ मिनिटांत कापते, आणि झोपेतून उठून इंजिन सुरू करायला, तेही अंधारात, आठ मिनिटे पुरतातच असे नाही. मी स्वतः खळाळाच्या वरच्या डोहात मुख्य प्रवाहात कधीही रात्र काढत नाही. शक्य असेल तर खळाळ उतरून खालच्या डोहात जातो.

नांगरबंद

वल्हेकरी यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मीच लिहायला हवा होता. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्ण मान्य नाही. खालच्या डोहात मुक्काम करायचा या हट्टापायी दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अवस्थेत, डोळ्यांवर ऊन घेऊन खळाळात शिरणारी माणसे मी पाहिली आहेत. शिवाय मोठ्या खळाळाखालचा तळ पाण्याने खरवडून निघालेला, नुसत्या गोट्यांचा असतो, आणि तिथे नांगर धरतही नाही. वरच थांबायचे असेल तर अंतरावर भरवसा न ठेवता जागेवर ठेवावा : बाजूच्या फाट्यात, मुख्य धारेबाहेर शिरावे, नांगराखेरीज काठावरच्या भक्कम झाडाला किंवा खडकाला दुसरा दोर बांधावा, आणि इंजिनची किल्ली जागेवर लावून झोपावे. असा फाटा नकाशावर नसेल, तर त्या दिवसाचा प्रवास मधल्या डोहातच संपवावा आणि खळाळ दुसऱ्या दिवसाच्या मध्यावर येऊ द्यावा.

काठावरची

मुलांसह अशा अनेक सहली केलेली आई या नात्याने लिहिते. आमच्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण ती शांत जागीच झाली. आम्ही एका वळणाच्या आतल्या अंगाला, मऊ वाळूच्या दांड्यालगत, मीटरभर पाण्यात नांगर टाकला होता. जागा इतकी सुंदर होती की नांगरबंद म्हणतात तो विचार कोणाच्याच मनात आला नाही. रात्री वरून येणारे पाणी कमी झाले आणि पहाटे आम्ही सगळे झोपेतच केबिनच्या एका भिंतीकडे घरंगळत गेलो. होडी वाळूवर बसून कलंडली होती. मुले खो-खो हसत होती, भांडी सगळीकडे सांडली होती, आणि माझे यजमान गुडघाभर पाण्यात उभे राहून होडीकडे नुसते पाहत होते. संध्याकाळपर्यंत पाणी परत चढले म्हणून सुटलो. ते उलट, एकाएकी वाढले असते तर कलंडलेल्या होडीत आधी पाणी शिरले असते. तेव्हापासून आम्ही मुक्कामाला पोहोचताच पाण्याच्या कडेला एक काठी रोवतो आणि तिच्यावर खूण करतो. ती दर दोन तासांनी पाहण्याचे काम मुलांकडे असते आणि ते ती अभिमानाने करतात. पाण्यात पालापाचोळा, फेस किंवा गढूळपणा अचानक वाढला, किंवा दूरच्या खळाळाचा आवाज बदलला, तर काठीची वाट न पाहता सावध व्हावे.

लाइफ जॅकेट फक्त खळाळासाठी नसते. दिवसभर अंगात असलेले जॅकेट मुले नांगर पडताच काढून टाकतात, आणि पाय घसरून पाण्यात पडण्याचे प्रसंग आमच्याकडे तरी नेहमी त्यानंतरच आले. त्यांच्या मापाचे, पायांमधून पट्टा असलेले आणि मानेमागे उचलण्याची मूठ असलेले जॅकेट घ्या. ते घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढून पाहा, हनुवटी आणि कान आत जात असतील तर ते मोठे आहे. जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवते, याचा आकडा त्यावर न्यूटनमध्ये दिलेला असतो. 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना वापरायचे असते. 100 आणि 150 न्यूटनची जॅकेटे माणसाला पाठीवर वळवण्याच्या दृष्टीने केलेली असतात. सासूबाईंना पोहता येत नसेल तर त्यांच्यासाठी यांपैकीच निवडावे.

पाण्यात पडल्यास काय करायचे, हे काठावरच खेळासारखे शिकवा. वाहत्या पाण्यात पाठीवर पडून राहायचे, पाय खालच्या दिशेला आणि बोटे पाण्याबाहेर, आणि पाणी अगदी उथळ होईपर्यंत उभे राहायचे नाही. गुडघ्याच्या वर पाणी असताना उभे राहिले आणि पाऊल दोन खडकांत अडकले, तर प्रवाह माणसाला पुढे पाडतो आणि पाऊल सुटत नाही. कोसळलेल्या झाडाच्या फांद्या याला अपवाद आहेत. त्यांच्यातून पाणी जाते आणि माणूस अडकतो, म्हणून जमेल तितके दूर पोहायचे. चुकवता येणारच नसेल तर पोटावर वळून, जोराने पोहत जाऊन त्यांच्यावर चढायचे. मुलांना कधीही दोराने होडीला बांधू नये, आणि दोरांची वेटोळी पायांत ठेवू नयेत.

पाणी थंड असेल तर कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी रूढ केलेला 1-10-1 हा क्रम पाठ करावा : पहिले 1 मिनिट धाप आवरण्याचे, मग साधारण 10 मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर थंडावून शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो. याचा अर्थ असा की पडल्या क्षणी घाबरून धडपडायचे नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत बाहेर यायचे.

नांगरलेल्या होडीभोवती पोहताना मागे 15–20 मीटरचा तरंगता दोर, टोकाला फुगा बांधून, सोडून ठेवा. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर एवढाच असला तरी मूल होडीपासून सुटले की ते पोहत परत येऊ शकत नाही, आणि मोठी माणसेही लवकर थकतात. कोणी पाण्यात असताना इंजिन बंदच असले पाहिजे. आणखी एक अदृश्य धोका म्हणजे धूर. थंडी वाजते म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी बंद करून आत शेगडी पेटवली किंवा इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि डोकेदुखी व मळमळ ही होडी लागल्याची लक्षणे समजून आपण झोपी जातो.

डोहकाठी

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. खालून चढण्याच्या कसोटीपाशी यजमान थांबले आणि त्यांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावले. आम्ही असे ठरवले आहे की तिसरा खळाळ या प्रवासात नाही. प्रवास तिसऱ्याच्या बऱ्याच वरच्या डोहात संपेल. पहिल्या दोन ठिकाणी मुलांसह मी आणि सासूबाई काठाने चालू, आणि यजमानांना वाट पटली नाही तर आम्ही तिथूनच मागे फिरू. सासूबाईंची एकच अट आहे, की काठीवरची खूण पाहण्याचे काम मुलांइतकेच त्यांनाही मिळावे.

नांगरबंद यांना शेवटचा प्रश्न विचारते. पहिल्या खळाळाखालच्या डोहाचा तळ खडकाळ असण्याची शक्यता आहे. तिथे नांगर दोन खडकांत अडकून बसला आणि सकाळी निघालाच नाही, तर काय करावे? होडी जोराने ओढून तो सुटतो का?

नांगरबंद

जोराने ओढू नका. दोर नाळेवरून न जाता बाजूवरून ताणला गेला तर प्रवाह होडी आडवी करून उलटवू शकतो. याचा उपाय नांगर टाकण्याआधी करायचा असतो. नांगराच्या पात्यांकडच्या टोकाला, म्हणजे दोर बांधतो त्याच्या विरुद्ध बाजूला, एक वेगळा बारीक पण मजबूत दोर बांधावा आणि त्याच्या वरच्या टोकाला लहानसा तरंगता फुगा लावावा. या दोराची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा थोडीच जास्त ठेवावी. पाणी चढण्याची शक्यता असेल तर तेवढी वाढवावी, पण तो पंख्यात गुंतेल इतका लांब नको. सकाळी मुख्य दोर गोळा करत इंजिनने सावकाश वर जा, फुगा हाती घ्या आणि बारीक दोराने ओढा. नांगर ज्या दिशेने आत शिरला, त्याच दिशेने उलटा बाहेर येतो.

एवढे करूनही निघाला नाही, तर मुख्य दोराच्या मोकळ्या टोकाला फुगा बांधून तो नाळेवरूनच सोडून द्या आणि पुढे निघा. यासाठी दोराचे शेवटचे टोक होडीला अशा गाठीने बांधलेले असावे की ताण असतानाही ती सुटेल, आणि नाळेजवळ म्यानात एक धारदार सुरी नेहमी असावी. दुसरा, लहान नांगर बरोबर घ्यायला विसरू नका, कारण त्या दिवशीची रात्रही कुठेतरी काढायची असेल.